मुंबई ते लंडन: अंतर, विमानाचे तास आणि घरापासून घरापर्यंतचा खरा हिशोब

लंडनला राहणाऱ्या मुला-मुलींकडे पहिल्यांदाच निघालेले आई-बाबा सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतात: "किती तास लागतात?" उत्तरं मात्र चार मिळतात. कोणी साडेआठ तास सांगतं, कोणी दहा. तिकिटावरच्या दोन वेळा वजा केल्या तर जेमतेम पाच तास निघतात. आणि जाऊन आलेले शेजारचे काका म्हणतात, "अख्खा दिवस धरा."

चौघांचंही खरं असतं, कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय. आमच्या घरच्या आणि मित्रमंडळींच्या आई-बाबांच्या लंडनच्या तिकिटांची व्यवस्था बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: विमानाचे तास बघून तिकीट काढणारे दमतात, आणि घराच्या दारापासून दारापर्यंतचे तास मोजणारे निवांत पोचतात. तो हिशोब कसा करायचा, ते क्रमाने सांगतो.

१. आधी विमानतळ नक्की करा

"मुंबई ते लंडन" एवढ्यावर थांबू नका. लंडनला एकाहून जास्त विमानतळ आहेत. मुंबईहून थेट येणारी बहुतेक विमानं हीथ्रोला उतरतात, त्याचा संकेत एलएचआर. पण मध्ये थांबा घेणारं स्वस्त तिकीट शोधलंत तर गॅटविक, म्हणजे एलजीडब्ल्यू, सहज समोर येतं. हीथ्रो शहराच्या पश्चिमेला आणि गॅटविक दक्षिणेला. दोघांमध्ये साधारण ७० किलोमीटरचा रस्ता आहे. मुलगी स्लाव किंवा हाउन्स्लोला राहत असेल तर हीथ्रो तिच्या दाराशी आहे. गॅटविकला उतरलात तर तिला न्यायला यायला अर्धा दिवस मोडावा लागेल.

आता मुंबईकडेही हेच बघायला हवं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, त्याचा संकेत एनएमआय. सहारच्या जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम. थांब्याच्या तिकिटात पहिला टप्पा देशांतर्गत असेल, उदाहरणार्थ मुंबई ते दिल्ली, तर विमान नेमकं कुठून सुटतंय हे तिकिटावर वाचा. गाडीवाल्याला नुसतं "मुंबई एअरपोर्ट" सांगू नका, विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही सांगा.

२. अंतर: ७,२०० किलोमीटर, पण कोणत्या वाटेने?

सहार ते हीथ्रो सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर आहे. इंटरनेटवर हाच आकडा कुठे ४,४८० दिसेल, कुठे ३,८९० च्या आसपास. गोंधळू नका. पहिला मैलांत आहे, दुसरा सागरी मैलांत. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानवाले सागरी मैल वापरतात.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि लंडन जोडलंत तर मधला बिंदू तुर्कस्तानच्या दक्षिणेला, सीरियाच्या सीमेजवळ येतो. पृथ्वी गोल असल्याने खरा जवळचा रस्ता तिथून जात नाही. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर बोट ठेवून दोरा ताणून बघा. दोरा उत्तरेकडे सरकतो आणि त्याचा मध्य कॉकेशसमध्ये, जॉर्जियाच्या तिबिलिसी शहराच्या आसपास येतो. भूगोलाच्या पुस्तकातलं बृहद्वृत्त ते हेच. सीटसमोरच्या पडद्यावर विमानाचा मार्ग वाकडा दिसला की बाबा लोक काळजीत पडतात. म्हणून त्यांना हे आधीच दोऱ्यावर दाखवून ठेवा.

प्रत्यक्षात विमान त्या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनची हवाई हद्द बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली आणि त्या बंदीची मुदत पुढे वाढवत नेली. त्यामुळे भारतीय कंपनीच्या विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो, तर ब्रिटिश कंपनीला तो घ्यावा लागतोच असं नाही. दोन कंपन्यांच्या वेळांत फरक दिसला तर त्यामागे हे एक मोठं कारण असू शकतं. पश्चिम आशियात तणाव वाढला की आणखी वाटा बदलतात. म्हणून तिकीट काढताना दिसलेली वेळ निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघायची.

३. तिकिटावरची वेळ वाचायला शिका

बहुतेक घोळ इथेच होतो, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची वेळ लंडनची. भारताचं घड्याळ वर्षभर एकच चालतं, ब्रिटनचं वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतं. २०२६ मध्ये या तारखा २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. म्हणून उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेपाच तास.

नियम सोपा आहे. जाताना दोन वेळांमधला फरक काढा आणि त्यात हे साडेचार किंवा साडेपाच तास मिळवा. येताना फरक काढा आणि तेवढेच तास वजा करा.

समजा मे महिन्यात विमान मुंबईहून दुपारी १:०० ला सुटतं आणि लंडनला संध्याकाळी ६:१५ ला पोचतं. फरक सव्वापाच तास, त्यात साडेचार मिळवले की पावणेदहा तास. जानेवारीत दुपारी १:०० ला सुटून ५:३० ला पोचत असेल तर साडेचार अधिक साडेपाच, म्हणजे दहा तास. परतीला मे महिन्यात लंडनहून रात्री ९:०० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०:३० ला मुंबईत येत असाल तर फरक साडेतेरा तास, त्यातून साडेचार गेले की नऊ. ही नमुन्याची वेळापत्रकं आहेत. तुमच्या तिकिटावरचे आकडे घालून हाच हिशोब करा.

मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रवास असेल तर जास्त लक्ष द्या. जाताना एक फरक आणि येताना दुसरा, असं होऊ शकतं.

आणखी एक गोष्ट. तिकिटावरचे हे तास म्हणजे निव्वळ हवेत असण्याचे तास नव्हेत. विमान गेटपासून मागे ढकललं जातं तेव्हा मोजणी सुरू होते आणि लंडनच्या गेटला लागून उभं राहतं तेव्हा संपते. रनवेपर्यंत सरकणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. इंटरनेटवर दिसणारा "साडेआठ तास" हा आकडा बहुधा अंतराला वेगाने भागून काढलेला असतो. ७,२०० किलोमीटर भागिले ताशी ९०० किलोमीटर म्हणजे आठ तास, वर चढण्या-उतरण्याचे थोडे. कागदावर हिशोब बरोबर, पण त्यात ना वारा धरलाय ना वळसा.

४. जाताना जास्त वेळ का, येताना कमी का

लंडनला जाणारं विमान पश्चिमेकडे जातं. ज्या उंचीवर ते उडतं तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना हे वारे समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. त्यामुळे थेट विमानाला जाताना साडेनऊ ते साडेदहा तास आणि येताना साडेआठ ते साडेनऊ तास धरलेत तर फारसं चुकणार नाही. वळशाचा मार्ग असेल तर वरचा आकडा धरा.

हीथ्रोवर दोनच धावपट्ट्या आहेत आणि विमानांची गर्दी प्रचंड. त्यामुळे लंडनच्या आसपास पोचल्यावर विमान पुष्कळदा गोल गोल घिरट्या घालत उतरायच्या परवानगीची वाट बघतं. पडद्यावर विमान एकाच जागी फिरताना दिसतं आणि आई लोक घाबरतात. हा तिथला रोजचा प्रकार आहे, एवढं आधी सांगून ठेवलं तरी पुरतं.

खरी वेळ जाणून घ्यायचा भरवशाचा मार्ग म्हणजे फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर तुमच्या विमानाचा क्रमांक टाकणं. मागच्या काही दिवसांत तेच विमान प्रत्यक्षात कधी सुटलं आणि कधी उतरलं, ते तिथे दिसतं. तिकीट काढण्याआधी हे दहा मिनिटं बघा. एखादं विमान रोजच तासभर उशिरा सुटत असेल तर ते तिथे लपत नाही.

५. थेट जायचं की थांबा घ्यायचा

दुबईमार्गे गेलात तर अंतर किती वाढतं? मुंबई ते दुबई साधारण १,९३० किलोमीटर आणि दुबई ते लंडन साधारण ५,५००. बेरीज ७,४३० च्या आसपास, म्हणजे जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त. दिल्लीमार्गे गेलात तर मात्र सहा-सातशे किलोमीटर वाढतात. दुबई नकाशावर वाटेवरच आहे, त्यामुळे वेळ वाढतो तो अंतरामुळे नाही, थांब्यामुळे. दोन तासांचा थांबा असलेलं तिकीट साडेबारा-तेरा तासांचं होतं, आठ तासांचा असेल तर अठरा-एकोणीसचं.

माझं स्पष्ट मत: पहिल्यांदा जाणाऱ्या आणि एकटं किंवा दोघंच निघालेल्या ज्येष्ठांना थेट विमानच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी चालतील. मध्यरात्री अनोळखी विमानतळावर गेट शोधत फिरण्याचा ताण त्या पैशांपेक्षा मोठा आहे. गुडघे फार दुखत असतील आणि दहा तास एका जागी बसणं अशक्य असेल, तर थांबा बरा पडतो. पण तो किमान अडीच-तीन तासांचा घ्या आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. निदान ४८ तास आधी तरी विमान कंपनीला कळवायला हवं.

थांब्याचं तिकीट घेताना दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर आहेत ना, हे बघा. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर ती जबाबदारी कोणीच घेत नाही. सामानही मध्ये उतरवून पुन्हा जमा करावं लागू शकतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. युरोपमार्गे जाणार असाल तर नुसतं विमानतळावर थांबण्यासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या अधिकृत साइटवर बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

६. मध्यरात्रीच्या विमानाची तारीख

मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं रात्री उशिरा आणि पहाटे सुटतात. तिकिटावर "१५ मे, ००:४५" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १४ तारखेची रात्र. १४ ला संध्याकाळी घर सोडायचं आणि रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर पोचायचं. १५ तारखेला दिवसभर आवराआवर करून रात्री विमानतळावर गेलेल्यांचं विमान एव्हाना वीस तासांपूर्वी लंडनकडे गेलेलं असतं.

कॅलेंडरवर विमानाची वेळ लिहू नका, घर सोडायची वेळ लिहा. पुण्याहून निघणाऱ्या आई-बाबांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १४ च्या चौकटीत "संध्याकाळी ४:३० ला निघणे" एवढंच मोठ्या अक्षरात हवं. गाडीही १४ तारखेची सांगायची.

७. घर ते विमानतळ

आंतरराष्ट्रीय विमानांसाठी सुटण्याच्या तीन तास आधी पोचायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. बहुतेक कंपन्या चेक-इनचा काउंटर एक तास आधी बंद करतात. तीन तासांत सामान जमा करणं, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि गेटपर्यंतची चाल एवढं उरकायचं असतं. टी-२ मध्ये, म्हणजे सहारच्या टर्मिनल दोनमध्ये, ही चाल लांब आहे. चालायला त्रास असेल तर साडेतीन तास धरा.

पुण्याहून टी-२ पर्यंत दीडशे-एकशे साठ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तासांत होतं, पण विमान गाठायचं असताना मोकळ्या रस्त्यावर भरवसा ठेवायचा नाही. शुक्रवारची संध्याकाळ, जोडून आलेल्या सुट्ट्या, गणपतीचे दिवस, घाटातला पाऊस, यांपैकी काही असेल तर पाच तास धरा. नाशिककरांनाही जवळपास हेच लागू.

मुंबईतल्यांसाठी मेट्रो ३ चं टी-२ स्टेशन झाल्याने मोठी सोय झाली आहे. घाटकोपर किंवा अंधेरीहून मेट्रो १ ने मरोळ नाक्याला या आणि तिथून मेट्रो ३ ने पुढचंच स्टेशन टी-२. दोन मोठ्या बॅगांसह ज्येष्ठांनी हा बदल करावा असं मी म्हणणार नाही, पण सोडायला आलेल्यांना परत जायला ती उत्तम. मध्यरात्री मेट्रो नसते, हेही ध्यानात असू द्या.

वारंवार जाणाऱ्यांनी भारत सरकारच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजनेत नाव नोंदवावं. जानेवारी २०२५ पासून ती मुंबईतही आहे. नोंदणी ऑनलाइन होते, बोटांचे ठसे एकदा द्यावे लागतात, आणि मग इमिग्रेशनच्या रांगेऐवजी ई-गेटमधून जाता येतं.

८. हीथ्रोवरून घरी

विमान गेटला लागल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक ते दोन तास धरा. व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना तिथले ई-गेट वापरता येत नाहीत, अधिकाऱ्याच्या काउंटरच्या रांगेत उभं राहावं लागतं. अधिकारी साधे प्रश्न विचारतात: कोणाकडे आलात, किती दिवस, परत कधी. मुलाचं नाव, पूर्ण पत्ता आणि फोन कागदावर लिहून पासपोर्टमध्येच ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

सामानात काय आहे यावरही वेळ जातो. ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे खव्याचे पेढे, बर्फी, तूप, पनीर घरीच ठेवा. नातवासाठी नेलेले पेढे कस्टमवर काढून घेतले की आजीला फार लागतं. चकली, चिवडा, मसाले खुशाल न्या. लोणचं आणि ओली चटणी हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत बांधा. नाहीतर ती मुंबईच्या सुरक्षा तपासणीतच राहील.

पुढे शहरात जायला हीथ्रो एक्सप्रेस पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत नेते, ती महाग आहे. एलिझाबेथ लाइन अर्ध्या तासात नेते आणि खूप स्वस्त पडते. पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त, पण मध्य लंडनला तासभर. कोणी न्यायला येणार असेल तर त्यांना विमान उतरायच्या वेळेला नाही, त्यानंतर तासाभराने यायला सांगा. तिथे पार्किंगचे पैसे मिनिटांच्या हिशोबाने वाढतात. कोणत्या टर्मिनलला उतरताय हेही कळवा. टर्मिनल दोन आणि तीन चालत जोडलेले आहेत, चार आणि पाच दूर आहेत.

९. आता बेरीज

कोथरूडहून लंडनच्या हॅरोला जाणाऱ्या आई-बाबांचा हिशोब मांडू. वरच्याच नमुन्यातलं मे महिन्यातलं दुपारी १:०० चं विमान घेऊ.

पहाटे ५:०० ला घर सोडलं, सकाळी साडेनऊ-दहाला टी-२, दुपारी १:०० ला विमान. इथपर्यंत आठ तास.
विमानात पावणेदहा तास. लंडनला संध्याकाळचे ६:१५.
हीथ्रोतून बाहेर पडायला दीड तास, गाडीने हॅरोला साधारण एक तास.

एकूण सव्वावीस तास. हॅरोच्या घरात शिरताना तिथल्या घड्याळात रात्रीचे पावणेनऊ आणि आई-बाबांच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचा सव्वा. म्हणून त्या रात्री मोठं जेवण, मित्रांची गर्दी वगैरे ठेवू नका. वरणभात आणि अंथरूण तयार असलं की झालं.

रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील तर हीच बेरीज घेऊन निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा. दिवस साडेचार तासांनी लांबतो, तेव्हा कोणती गोळी कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायची, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

१०. हातातल्या पिशवीत काय हवं

पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद, ई-व्हिसा असेल तर त्याचीही छापील प्रत. तिकिटाची छापील प्रत, जाण्याची आणि परतीचीही. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. प्रवास विम्याचा कागद. सगळी औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. पॉवर बँक असेल तर तीही इथेच, मोठ्या बॅगेत चालत नाही. एक शाल, कारण विमानात थंडी वाजते. आणि साधं निळ्या शाईचं पेन.

११. विमान उशिरा पोचलं तर

अंतराचा आकडा इथे पैशाच्या कामाला येतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. ब्रिटनच्या कायद्यानुसार विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि दोष कंपनीचा असेल, तर प्रवाशाला भरपाई मिळते. रक्कम अंतरावर ठरते. ३,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासात चार तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी ५२० पौंड, आणि तीन ते चार तास उशीर झाला तर २६० पौंड. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, म्हणजे सर्वात वरच्या गटात.

लंडनहून सुटणाऱ्या विमानाला हा नियम लागू होतो, मग कंपनी भारतीय असो की ब्रिटिश. मुंबईहून लंडनला जाताना मात्र तो ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीलाच लागू होतो. खराब हवामान, हवाई हद्द बंद होणं, अशा कारणांसाठी भरपाई नाही. पण तेव्हाही ताटकळत असताना जेवण आणि गरज पडल्यास रात्रीची राहायची सोय करणं कंपनीला भाग आहे. काउंटरवर जाऊन मागा, आपणहून कोणी देईलच असं नाही.

दावा प्रवाशानेच करायचा असतो, कंपनीच्या साइटवरच्या अर्जातून. एजंटाला त्यातला वाटा द्यायची काही गरज नाही. त्यासाठी बोर्डिंग पास फेकू नका, उशिराची सूचना देणाऱ्या फलकाचा फोटो घ्या, आणि विमानाचं दार नेमकं किती वाजता उघडलं ती वेळ लिहून ठेवा. उशीर धावपट्टीला टेकल्यापासून मोजत नाहीत, दार उघडल्यापासून मोजतात.